ग्रँट डफचे गाव बॅन्फ: दीड दिवसात काय पाहावे?

गोडोलीकर (सातारा)

नमस्कार. माझी मुलगी नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीन येथे राहते आणि येत्या जूनमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे तीन आठवड्यांसाठी जाणार आहोत. एडिंबरा, सरोवरे, किल्ले ही नेहमीची ठिकाणे जावईबापूंनी ठरवून टाकली आहेत. मी त्यांच्याकडे एकच मागणे मागितले आहे, आणि ते म्हणजे समुद्रकाठच्या बॅन्फ या लहानशा गावासाठी दीड दिवस.

कारण साताऱ्याच्या माणसाला वेगळे सांगावे लागणार नाही. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी १८१८ पासून कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या आणि येथील दप्तरांतले कागद पाहून मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफचा जन्म ८ जुलै १७८९ रोजी बॅन्फ येथे झाला. त्याच्या इतिहासातील चुका आपल्या अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिल्या आणि त्या दाखवायलाच हव्या होत्या. तरीही ज्या माणसाच्या पुस्तकामुळे आपल्याकडे इतिहास लिहिण्याची आणि त्याला उत्तर देण्याची ईर्षा निर्माण झाली, तो कोणत्या गावातून आला हे एकदा डोळ्यांनी पाहावे, असे मला अनेक वर्षांपासून वाटते.

नकाशावर बॅन्फ शोधले की आधी कॅनडातले बर्फाच्छादित डोंगर समोर येतात. स्कॉटलंडमधल्या बॅन्फविषयी मराठीत तर काहीच सापडत नाही. गावात ‘डफ हाउस’ नावाचा मोठा वाडा आहे एवढे समजले. तो ग्रँट डफच्याच घराण्याचा असावा, असे मी धरून चाललो आहे. तो आतून पाहता येतो का, त्याशिवाय गावात जुने काय शिल्लक आहे आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पायी फिरणे जमेल का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

मेणवलीकर (वाई)

गोडोलीकर, आपली इच्छा मनापासून आवडली. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि ग्रँट डफ अनेकदा वाचला, म्हणून एक दुरुस्ती आधी करतो. डफ हाउस ग्रँट डफचे नव्हे. आडनाव एकच असल्याने हा घोटाळा पुष्कळांचा होतो.

तो साताऱ्यात होता तेव्हा त्याचे नाव नुसते कॅप्टन जेम्स ग्रँट असे होते. त्याचे वडील जॉन ग्रँट तो लहान असतानाच वारले, आई त्याला घेऊन अ‍ॅबरडीनला गेली आणि तेथील मॅरिशल कॉलेजात त्याचे शिक्षण झाले. कंपनीच्या मुलकी नोकरीत जायचे ठरले होते, परंतु ती मिळायला उशीर होऊ लागल्याने वाट न पाहता त्याने १८०५ साली लष्करातील कॅडेटची जागा पत्करली आणि मुंबई गाठली. पुढे पुण्याचे रेसिडेंट एल्फिन्स्टन यांच्या हाताखाली तो तयार झाला. पेशवाई बुडाल्यावर त्याला साताऱ्याला नेमण्यात आले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने महाराजांचे राज्य ठरले आणि १८२२ मध्ये कारभाराचे अधिकार महाराजांच्या हाती देण्यात आले. या संपूर्ण काळात तो येथे होता. सततच्या कामाने प्रकृती ढासळल्यामुळे तो मायदेशी परतला. आईच्या माहेरची, म्हणजे ईडनच्या डफ घराण्याची, मालमत्ता १८२५ च्या सुमारास त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने ‘डफ’ हे नाव आपल्या नावाला जोडले. १८२६ साली लंडनला निघालेल्या पुस्तकावर म्हणूनच हे जोडनाव दिसते. सातारकरांनी ज्याला प्रत्यक्ष पाहिले तो ग्रँट होता. ग्रँट डफ आपल्याला पुस्तकातून भेटला.

ईडन हे ठिकाण बॅन्फच्या दक्षिणेस काही मैलांवर, डेव्हरॉन नदीच्या खोऱ्यात आहे. उरलेले आयुष्य त्याने तेथे शेतीवाडी आणि मालमत्ता सुधारण्यात घालवले आणि २३ सप्टेंबर १८५८ रोजी त्याचा मृत्यू झाला. ते साल पाहून मी नेहमी थबकतो. ज्या सातारच्या राज्याची घडी बसवायला तो आला होता, त्याच्या महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलेले, पुढे राज्य खालसा झालेले आणि शेवटी सत्तावन्नचा उठाव झालेला, हे सर्व त्या नदीकाठी बसून त्याच्या कानावर गेले असणार. १८२९ साली ईडनला जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ असे ठेवले. हाच मुलगा १८८१ ते १८८६ या काळात मद्रासचा गव्हर्नर होता.

आता डफ हाउसविषयी. ते विल्यम डफ, लॉर्ड ब्रॅको, याने बांधवले. हा पुढे पहिला अर्ल ऑफ फाइफ झाला. विल्यम अ‍ॅडम या त्या काळच्या स्कॉटलंडमधील अग्रगण्य वास्तुविशारदाने १७३५ मध्ये काम हाती घेतले. दर्शनी खांबांवरील कोरीव शीर्षे दूर क्वीन्सफेरीला घडवून गलबतांनी बॅन्फला आणली जात होती. त्या कोरीव कामाच्या बिलावरून मालक आणि अ‍ॅडम यांच्यात वाद पेटला, प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षे चालले आणि १७४८ मध्ये अ‍ॅडमच्या बाजूने निकाल लागून तो त्याच वर्षी वारला. मुख्य इमारत उभी राहिली, पण दोन्ही बाजूंना जोडायच्या पंखांसारख्या इमारती कधीच झाल्या नाहीत, त्यामुळे आजही समोरून पाहताना इमारत रुंदीच्या मानाने फार उंच वाटते. त्या बाजूने जाताना ब्रॅको आपल्या बग्गीचे पडदे ओढून घेत असे, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडेही वाडा बांधून तो न लाभल्याच्या कथा गावोगावी असतात, पण येथे त्या कथेमागे न्यायालयाची कागदपत्रे आहेत.

१९०६ साली हा वाडा बॅन्फ आणि मॅकडफ या दोन गावांना बक्षीस देण्यात आला. त्यानंतर त्याचे हॉटेल झाले, आरोग्यधाम झाले, दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांची छावणी झाली. १९४० च्या जुलैमध्ये जर्मन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले आणि त्यात जर्मन कैदीही मृत्युमुखी पडले. १९९५ पासून तेथे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहातील चित्रे मांडलेली असतात आणि इमारत आतून पाहता येते. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या मुलीला आधी पाहून ठेवायला सांगा.

हरिपूरकर (सांगली)

मेणवलीकर सरांनी घराण्यांचा गुंता छान सोडवला. मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे त्या गावाकडे पाहण्याची माझी नजर वेगळी आहे. बॅन्फला नदी आणि समुद्र यांनी काय काय दाखवले आहे, हे सांगलीच्या माणसाला चटकन उमगते.

गाव डेव्हरॉन नदीच्या मुखाशी, पश्चिमेच्या काठावर आहे. पूर्वेच्या काठावर मॅकडफ. दोघांच्या मध्ये बॅन्फचा उपसागर आणि समोर मोरे फर्थ ही रुंद खाडी. नदीवर १७६५ मध्ये बांधलेला पूल तीनच वर्षांत, १७६८ च्या पुरात वाहून गेला. त्यानंतर पुन्हा होडीने नदी ओलांडण्याचे दिवस आले आणि शेवटी नव्या पुलाचे काम जॉन स्मीटनकडे सोपवण्यात आले. हा स्मीटन म्हणजे ज्याने एडीस्टोनच्या खडकावर दीपगृह उभारले आणि पाण्याखालीही घट्ट होणाऱ्या चुन्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला तो. आमच्या शाखेत त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्याचा सात कमानींचा दगडी पूल १७७९ मध्ये पूर्ण झाला, १८८१ मध्ये रुंद करण्यात आला आणि आजही दोन्ही गावांमधली वाहने त्याच पुलावरून जातात. ऑगस्ट १८२९ मध्ये त्या सगळ्या मुलखात महापूर आला, त्या लोकांच्या बोलीत त्याला ‘मकल स्पेट’ म्हणजे थोरला पूर म्हणतात. कित्येक पूल त्यात गेले, स्मीटनचा टिकला.

पुलावर गेलात की कठड्यापाशी थांबून प्रवाहाच्या वरच्या बाजूचे पाये पाहा. आपल्याकडे पाणी चढू लागले की सगळी सांगली आयर्विन पुलावरच्या फूटपट्टीकडे डोळे लावून बसते. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी येथे लहान पोरालाही पाठ असते आणि २०१९ साली ती पट्टी सत्तावन्न फुटांच्या वर गेलेली आम्ही पाहिली आहे. ज्या गावाने एक पूल तीन वर्षांत गमावला, त्या गावाने दुसऱ्या पुलाकडे पुढची पन्नास वर्षे कोणत्या काळजीने पाहिले असेल, ते मला कोणी सांगावे लागत नाही.

बंदराची कथा याहून करुण आहे. बॅन्फचे बंदर जुने. तेथे धक्के बांधण्याचे काम आधी स्मीटनने आणि पुढे थॉमस टेलफर्डने केले. म्हणजे त्या काळातले दोन सर्वश्रेष्ठ अभियंते या चार हजार वस्तीच्या गावासाठी राबले. एकोणिसाव्या शतकात तेथून खारवलेले हेरिंग मासे पिंपांमध्ये भरून परदेशी जात. परंतु नदीच्या मुखाशी गोट्यांचा आणि वाळूचा बांध सतत सरकत राहतो. उत्तरेच्या वादळांत समुद्र गाळ आत लोटतो आणि नदी आपला गाळ खाली आणून टाकते. या दोघांच्या मध्ये सापडून बंदर भरत गेले. समोरच्या काठावर खडकाळ किनारा आणि जास्त खोली असल्याने व्यापार आणि मासेमारी मॅकडफकडे सरकली. मॅकडफ हे मुळात ‘डून’ नावाचे कोळ्यांचे खेडे; दुसऱ्या अर्ल ऑफ फाइफने तेथे बंदर वाढवले आणि १७८३ मध्ये त्याला आपल्या घराण्याचे नाव दिले. तेथे आजही नावा बांधण्याचा आणि दुरुस्तीचा कारखाना चालू आहे. बॅन्फच्या बंदरात आता हौशी लोकांच्या शिडाच्या बोटी असतात. ओहोटीच्या वेळी मुद्दाम जा. पाणी उतरले की धक्क्याच्या भिंतीचे खालचे थर उघडे पडतात आणि दगड कसे बसवले आहेत ते हाताच्या अंतरावरून दिसते.

प्रीतिसंगम (कराड)

मी अ‍ॅबरडीनला चार वर्षे होतो आणि बॅन्फला तीनदा गेलो. काकांना जे हवे आहे ते बहुतेक सर्व एका मैलाच्या आत आहे. चढ आहेत, कारण गाव उतारावर वसले आहे. वरचा रस्ता हाय स्ट्रीट आणि खालचा लो स्ट्रीट. पण सज्जनगडाच्या पायऱ्या चढणाऱ्याला ते चढ काहीच नाहीत. अ‍ॅबरडीनहून बसने जवळपास दोन तास लागतात. बॅन्फचे रेल्वे स्टेशन १९६४ मध्ये बंद झाले, त्यामुळे आगगाडीचा विचार करू नका. कॅनडातल्या गावाचा खुलासाही करतो: कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष जॉर्ज स्टीफन या बॅन्फशर परगण्यातला होता आणि तिकडच्या बॅन्फला नाव येथूनच गेले.

सुरुवात लो स्ट्रीटवरून करा. तेथे ‘प्लेनस्टोन्स’ नावाच्या फरसबंद जागेत गावचा जुना बाजारस्तंभ उभा आहे. स्कॉटलंडमध्ये ज्या गावाला राजाकडून बाजार भरवण्याची सनद मिळे तेथे असा स्तंभ उभारीत. बॅन्फला रॉबर्ट ब्रूस राजाची सनद १३२४ ची आणि १३७२ ची दुसऱ्या रॉबर्टची. स्तंभावरचे कोरीव शीर्ष सोळाव्या शतकातले, म्हणजे प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या आधीचे, क्रुसावरील ख्रिस्ताचे आहे. तशी शिल्पे त्या सुधारणेच्या काळात त्या देशात बहुतेक ठिकाणी फोडली गेली, हे वाचले. वाऱ्यापावसाने ते इतके झिजले आहे की जवळ जाऊन थोडा वेळ उभे राहिल्यावरच त्यातली आकृती डोळ्यांत भरते. शेजारीच गावच्या टाउन हाउसचा दगडी मनोरा आहे, अठराव्या शतकातला, विल्यम अ‍ॅडमच्या मुलाने, जॉन अ‍ॅडमने, आखलेला. सध्याचा बॅन्फ कॅसलही त्यानेच बांधला. जुन्या किल्ल्याच्या तटाचा थोडा भाग त्या आवारात शिल्लक आहे. सेंट अँड्र्यूजचा आर्चबिशप जेम्स शार्प, ज्याचा पुढे १६७९ मध्ये खून झाला, त्याचा जन्म १६१८ साली त्या जुन्या किल्ल्यातला.

आता ज्यासाठी मी तीनदा गेलो ते सांगतो. १६ नोव्हेंबर १७०० रोजी बॅन्फमध्ये जेम्स मॅकफर्सन याला फाशी देण्यात आले. तो दरोडेखोर होता, उत्तम तलवारबहाद्दर होता आणि नामांकित फिडलवादक (व्हायोलिनवादक) होता. वडील उच्चकुलीन, आई भटक्या जमातीतली. त्याच्यावरील आरोपपत्रात चोऱ्यामाऱ्यांबरोबर ‘इजिप्शियन’ असणे, म्हणजे भटक्या जमातीचा असणे, हाही गुन्हा म्हणून नोंदलेला होता, आणि तसा कायदाच तेव्हा होता. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आपल्या पारधी, कैकाडी, बेरड अशा समाजांना किती पिढ्या भोवला हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या एका ओळीपाशी थांबावेच लागेल. लोककथा अशी की फाशीच्या आधी त्याने फिडल वाजवले, ते घेण्यास कोणी पुढे येईना तेव्हा ते आपटून फोडले. माफीचा हुकूम घेऊन स्वार नदीपलीकडे येत असल्याचे कळताच अधिकाऱ्यांनी गावचे घड्याळ काही मिनिटे पुढे सरकवले. फाशी ही नोंद आहे. घड्याळ ही लोकांनी जपलेली गोष्ट आहे. ते घड्याळ पुढे डफटाउनला गेले असे तेथले लोक सांगतात, आणि मोडलेल्या फिडलचे अवशेष म्हणून जे दाखवतात ते न्यूटनमोरला मॅकफर्सन कुळाच्या संग्रहालयात आहेत. पोवाड्यांवर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाऊस होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, आणि मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे पाहत मी बराच वेळ तसाच उभा राहिलो.

हाय स्ट्रीटवर बॅन्फचे संग्रहालय आहे. १८२८ साली स्थापन झालेले, स्कॉटलंडमधील सर्वांत जुन्यांपैकी एक. उघडे असण्याच्या वेळा मर्यादित आहेत, तेव्हा चौकशी करूनच जा. गावातल्या चांदीकारागिरांनी घडवलेली भांडी तेथे आहेत. पण मला त्या संग्रहालयाचे मोल वाटते ते थॉमस एडवर्डमुळे. तो १८१४ चा, व्यवसायाने जोडे शिवणारा. दिवसभर चामडे कापायचे, आरी चालवायची आणि रात्री किनाऱ्यावर नाहीतर रानात जाऊन पक्षी, कीटक, समुद्रातले जीव गोळा करायचे, तेथेच एखाद्या खड्ड्यात किंवा भिंतीच्या आडोशाला दोन तास झोपायचे आणि पहाटे पुन्हा कामावर यायचे. संग्रह मोठा झाल्यावर त्याने तो अ‍ॅबरडीनला नेऊन मांडला, पण पाहायला लोक आले नाहीत आणि वर्षानुवर्षांची ती कमाई त्याला विकून टाकावी लागली. त्याने पुन्हा सुरुवात केली. कवचधारी सागरी जीवांच्या कित्येक नव्या जाती त्याच्यामुळे शास्त्राला कळल्या. १८६६ मध्ये लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेने त्याला सहसदस्य केले. बॅन्फच्या याच संग्रहालयाची देखभालही त्याने केली. १८७६ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि राणीने वर्षाला पन्नास पौंडांचे निवृत्तिवेतन दिले, तेव्हा त्याने साठी ओलांडली होती.

दुसऱ्या दिवशीच्या अर्ध्या वेळात स्मीटनच्या पुलावरून चालत मॅकडफला जा. तेथे सागरी जीवांचे मत्स्यालय आहे; त्याच्या मोठ्या टाकीत मोरे फर्थमधल्या समुद्री वनस्पतींचे जंगल जिवंत ठेवले आहे, काकूंना नक्की आवडेल. पलीकडे टारलेअरला कड्याखाली १९३० च्या दशकात बांधलेला उघडा जलतरण तलाव आहे. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, त्यामुळे घाई नको. मात्र स्वेटर आणि वारा अडवणारे जाकीट हाताशी हवे. महाबळेश्वरचा जुलै आठवेल असा वारा असतो. डॉल्फिन दिसले तर पुलापेक्षा बंदराच्या टोकावरून दिसतील.

गोडोलीकर (सातारा)

आपण तिघांनी इतके दिले आहे की दीड दिवस आता अपुरा वाटू लागला. डफ हाउसविषयीचा माझा समज चुकीचा होता हे वेळीच कळले, नाहीतर मी तेथे उभे राहून भलत्याच माणसाला आठवत बसलो असतो. जावईबापूंना विचारून पुरे दोन दिवस करून घेतले आहेत. मेणवलीकर सर, ईडनला प्रत्यक्ष जाता येते का?

मेणवलीकर (वाई)

ईडनचे घर खाजगी मालकीचे आहे, त्यामुळे दारापर्यंत जाण्याचा आग्रह धरू नका. त्याच भागात ईडन कॅसल नावाच्या जुन्या गढीचे पडके अवशेष आहेत. अ‍ॅबरडीनहून टरिफमार्गे बॅन्फला येणारा रस्ता त्याच बाजूने जातो, म्हणून बसमध्ये टरिफ मागे पडले की खिडकीपाशी बसा. डफ हाउसच्या आवारातून नदीकाठाने वर चालत गेलात तर सुमारे दोन मैलांवर अल्व्हाचा पूल लागतो. १७७२ साली बांधलेली एकच कमान, आणि खाली अरुंद घळीतून काळेशार पाणी. ती डेव्हरॉन ईडनवरून खाली आलेली असते. ग्रँट डफच्या शेवटच्या तीस वर्षांच्या जवळ जाण्यासाठी मला तरी ती वाट सर्वांत योग्य वाटते.

हरिपूरकर (सांगली)

अल्व्हाच्या त्या कमानीचा एक फोटो कृपया बाजूने घ्यावा, खडकात टेकलेली दोन्ही टोके दिसतील असा. आणि स्मीटनच्या पुलाच्या पायांचाही. येथे टाकलात तर मी आभारी राहीन.